नवी नगरपंचायत, पहिली निवडणूक: अपक्ष आघाडीच्या कागदपत्रांच्या नोंदी

डिसेंबर २०२५ साठी राज्यात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. त्या ४२ पैकी १५ नगरपंचायती नव्या, म्हणजे कालपरवापर्यंत ग्रामपंचायती असलेल्या. त्यातल्या एका गावात अपक्ष आघाडीचं कागदोपत्री काम माझ्याकडे होतं. मी उमेदवार नव्हतो. सभा, भाषणं, कोण कुणाच्या वाड्यावर जेवलं हे या नोंदींत नाही. ज्यांच्या गावाची नगरपंचायत पुढे होईल त्यांना यादी, नकाशा आणि अर्ज यांत कुठे अडकायला होतं ते कळावं, एवढ्यासाठी लिहून ठेवलं आहे.

ऑगस्ट, तिसरा आठवडा. प्रारूप प्रभाग रचना

प्रारूप, म्हणजे कच्चा, नकाशा कार्यालयाच्या फलकावर लागला आणि गर्दी झाली. ग्रामपंचायतीतही सदस्य १७ होते, आताही १७च. पण तेव्हा सहा वॉर्ड होते आणि एका वॉर्डातून दोन-तीन जण निवडून जायचे. आता १७ प्रभाग आणि प्रत्येकातून एकच. जुन्या माजी सदस्यांना आपला वॉर्ड नकाशात सापडेना. एक अण्णा तर म्हणाले, "माझं घर एका प्रभागात आन् गोठा दुसऱ्यात. मी उभं कुठून ऱ्हायचं?" (उत्तर: कुठूनही. गावाच्या यादीत नाव असलं की कोणत्याही प्रभागातून लढता येतं. आरक्षणात बसायला हवं, एवढंच.)

प्रभाग क्रमांक १ उत्तरेकडून सुरू होतो, तिथून क्रम फिरत फिरत शेवट दक्षिणेला होतो. हा नियमच आहे, पण आमच्याकडे "एक नंबर मळ्याला कसा दिला" यावर दोन दिवस वाद चालला.

खरा प्रश्न नंबरांचा नव्हताच. प्रभाग पाडताना २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात, कारण त्यानंतर जनगणना झालेली नाही. समजा लोकसंख्या १५,३०० असेल, तर सरासरी ९०० आणि दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ८१० ते ९९० माणसांचा एक प्रभाग. कागदावर सगळे प्रभाग सारखे. पण बायपासच्या कडेला आज जे प्लॉटिंग आहे तिथे २०११ मध्ये ज्वारी होती. त्या वसाहतीची जनगणनेतली माणसं नावालाच. त्यामुळे ती पट्टी एका भरलेल्या प्रभागाला चिकटली आणि त्या प्रभागात लोकसंख्येपेक्षा मतदारच जास्त झाले. गावठाणातल्या प्रभागात उलटं चित्र: माणसं पुण्या-मुंबईला गेलेली, यादी लहान. एका ठिकाणी निवडून यायला दोनशे मतं पुरणार आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीनशेही कमी पडणार, हे त्या आठवड्यातच दिसत होतं. यावर हरकत घेऊन उपयोग नाही. जनगणना हाच आधार आहे, आजची घरं मोजून दाखवली तरी ऐकत नाहीत.

ऑगस्ट अखेर. हरकती

गावातून हरकतींचा ढीग गेला. बहुतेकांत मजकूर एकच: आमच्या भागावर अन्याय झाला, राजकीय दबावाने रचना केली, रद्द करावी. एकाच मसुद्याच्या झेरॉक्स, खाली फक्त सह्या वेगळ्या.

आम्ही चार हरकती दिल्या. त्यातली एक ओढ्यापलीकडच्या वस्तीची होती. वस्तीचा प्रगणक गट ओढा ओलांडून गावठाणातल्या प्रभागाला जोडला होता. प्रगणक गट म्हणजे जनगणनेवेळी एका प्रगणकाला दिलेला भाग. तो शक्यतो फोडत नाहीत. म्हणून "ही वस्ती तिकडे घाला" एवढं म्हणून भागत नाही. कोणता गट, त्याची लोकसंख्या किती, तो काढला तर या प्रभागाची संख्या किती उरते, त्या प्रभागाची किती होते आणि दोन्ही दहा टक्क्यांच्या आत बसतात का, हे सगळं लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं. सोबत ओढा दाखवणारा नकाशा जोडला.

सप्टेंबर. सुनावणी आणि निकाल

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी. गाडीभाडं आणि अख्खा दिवस गेला, प्रत्यक्ष बोलायला मिळालं ते काही मिनिटं. अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: पर्याय काय? अन्यायवाल्या हरकतींकडे पर्याय नव्हता. ओढ्याची हरकत मान्य झाली. बाकीच्या आमच्या तीन फेटाळल्या गेल्या, कारण त्यांत आकडे जुळत नव्हते. एका प्रभागाचं दुखणं मिटवताना शेजारचा प्रभाग ८१० च्या खाली जात होता.

अंतिम रचना आली की परिशिष्टातलं सीमांचं वर्णन वाचा, नकाशावर विसंबू नका. रस्त्याच्या मध्यावरून सीमा गेली असेल तर समोरासमोरची घरं दोन प्रभागांत जातात. आमच्याकडे बाजारपेठेच्या रस्त्यावर तसंच झालं होतं, आणि पुढे मतदार यादी फोडताना नेमका तिथेच घोळ झाला.

६ ऑक्टोबर

नगराध्यक्षपदाची सोडत मुंबईत मंत्रालयात. आमचं पद महिलेसाठी गेलं. गेलं वर्षभर 'भावी नगराध्यक्ष' म्हणून वाढदिवसाचे फलक लावणारे तीन जण संध्याकाळपर्यंत 'भावी नगराध्यक्षांचे पती' व्हायच्या मार्गाला लागले.

८ ऑक्टोबर. प्रभागांची सोडत आणि प्रारूप यादी, एकाच दिवशी

सोडतीला हॉल भरलेला. अनुसूचित जातीच्या जागा प्रभागातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने ठरतात, तिथे चिठ्ठी नसते. ओबीसी आणि महिलांच्या जागांची चिठ्ठी शाळकरी मुलांनी काढली. १७ पैकी ९ जागा महिलांच्या. जुन्या गावांत लोक म्हणतात, मागच्या वेळी इथे अमुक आरक्षण होतं, म्हणजे आता तमुक पडेल. आमच्याकडे मागची वेळच नव्हती. सगळे अंदाज हवेतले. आघाडीने ठरवलेल्या सतरा नावांपैकी दुपारपर्यंत सहा नावं टिकली.

सगळं गाव सोडतीत होतं आणि त्याच दिवशी प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नव्या नगरपंचायतीत काम करणाऱ्यांनी सोडतीला एक माणूस पाठवावा आणि बाकी सगळ्यांनी यादी घ्यायला जावं.

९ ऑक्टोबरपासून पुढे. यादी

हे काम सगळ्यात मोठं, सगळ्यात कंटाळवाणं, आणि याला कुणी कार्यकर्ता मिळत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. नगरपंचायतीची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यात नाव नसेल तर इथे वाढवता येत नाही. असलेलं काढताही येत नाही. हरकत घ्यायची ती एवढ्याचीच: नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण इथे सुटलंय, किंवा उतरवताना लिहिण्यात चूक झाली आहे. हे न कळल्यामुळे लोक आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन "पोराचं नाव घाला" म्हणून येत राहिले. पोरगा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झालेला. त्याच्यासाठी कुणाला काही करता येत नव्हतं.

जुन्या नगरपालिकेत फोडणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे आधीच्या निवडणुकीची यादी असते. थोडंफार बदललं की झालं. इथे कोरी पाटी. विधानसभेच्या यादीत पत्ता म्हणून बऱ्याच ठिकाणी नुसतं गावाचं नाव, घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा रेघ. कर्मचाऱ्यांनी अनुक्रमांकाच्या पट्ट्या धरून नावं प्रभागांत टाकली होती. पट्टी जिथे दोन प्रभागांच्या सीमेवर होती, तिथे कुटुंबंच्या कुटुंबं रस्ता ओलांडून गेली. बाजारपेठेत एका घरात सासू एका प्रभागात आणि सून दुसऱ्यात. शिवाय शेजारच्या गावाची एक वाडी नगरपंचायतीच्या हद्दीत आली आहे. तिची नावं विधानसभा यादीच्या वेगळ्या भागात होती, त्यातली बरीच प्रारूपात आलीच नाहीत.

पद्धत आम्ही ही वापरली. प्रभागाच्या यादीत प्रत्येक नावासोबत विधानसभेचा भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक छापलेला असतो. विधानसभेच्या सगळ्या भागांची यादी एकीकडे, सतरा प्रभागांची दुसरीकडे, आणि फक्त हे दोन आकडे एक्सेलमध्ये. नावं टाइप करत बसायचं नाही. यादी चित्राच्या स्वरूपात येते, त्यातून नावं शोधता येत नाहीत आणि टाइप करताना 'शिंदे'चा 'शिदे' झाला की जुळणी बिघडते. आकडे जुळवले की कुठल्याच प्रभागात न आलेली माणसं लगेच वेगळी पडतात. दोन पोरी बारावीच्या होत्या, त्यांनी हे संध्याकाळी बसून केलं. आघाडीचे प्रमुख म्हणवणारे त्या काळात चिन्हांवर चर्चा करत होते.

चुकीच्या प्रभागातली नावं मात्र आकड्यांनी सापडत नाहीत. त्यासाठी गल्ली फिरावी लागते. आम्ही ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी, म्हणजे नमुना ८, आधाराला घेतला. बरा उपयोग झाला. पण भाडेकरू त्यात नसतात आणि वाटणी न झालेलं घर अजून आजोबांच्या नावावर असतं. शेवटी खात्रीची माहिती दिली ती पोस्टमनकाकांनी आणि दूध घालणाऱ्याने.

हरकत मतदाराने स्वतः दिली तर पटकन मान्य होते. गठ्ठ्याने दिली की शंका घेतात, आणि त्यांचं चुकत नाही, कारण विरोधी गटाने आपली नातेवाईक मंडळी एका प्रभागातून दुसऱ्यात सरकवण्यासाठी असाच गठ्ठा दिला होता. आम्ही घरोघरी अर्ज भरून घेतले आणि प्रत्येक घरातल्या एकाला कार्यालयात पाठवलं. रोजगार बुडतो म्हणून काहींनी नकार दिला. त्यांची नावं आहेत तिथेच राहिली.

३१ ऑक्टोबर

अंतिम यादी आली. वाडीची सुटलेली नावं आली. बाजारपेठेतली निम्म्याहून अधिक कुटुंबं एकत्र झाली, बाकीची नाहीत. काही नावांपुढे दोन तारका दिसल्या. ते संभाव्य दुबार मतदार. अशा माणसाने कुठल्या केंद्रावर मत देणार हे आधी लिहून द्यायचं, नाहीतर मतदानाच्या दिवशी हमीपत्र द्यायचं. तारकेमुळे मत जात नाही. पण गावात "तुझ्या नावाला चांदणी लागली, तुझं मत बाद" अशी आवई उठली. ती खोडायला घरोघर जावं लागलं.

४ नोव्हेंबर

कार्यक्रम जाहीर, आचारसंहिता लागू. अर्ज १० ते १७, छाननी १८, माघार २१, चिन्हं २६, मतदान २ डिसेंबर, मोजणी ३ डिसेंबर. खर्चाची मर्यादा नगरपंचायतीत सदस्याला २,२५,००० आणि अध्यक्षाला ६,००,००० रुपये. चिन्ह मिळाल्यावर प्रचाराला आठवडाही नाही. पक्षवाल्यांना फरक पडत नाही, त्यांचं चिन्ह भिंतीवर आधीपासून आहे. अपक्षांची गोची.

१० ते १७ नोव्हेंबर. अर्ज

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापून काढायचा, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पहिल्या दिवसांत साइट जड चालत होती. पुढे आयोगाने हाताने भरलेले अर्जही चालतील असं सांगितलं. तोवर आमचे अर्धे अर्ज पहाटे उठून भरून झाले होते.

नोंदणीत मोबाइल क्रमांक लागतो. आमच्या महिला उमेदवारांपैकी बहुतेकींच्या ठिकाणी नवऱ्याचा नंबर टाकलेला. एक ताई मात्र अडून बसल्या, "अर्ज माझा, मग संदेश ह्यांच्या फोनवर का?" त्यांचा नंबर टाकला. नंतर कळलं की हे सोयीचंही आहे, कारण बाकीच्यांचे नवरे ऐन वेळी गावभर फिरत असायचे आणि ओटीपीसाठी त्यांना शोधत बसावं लागायचं.

कागदांत वेळ कुठे गेला ते सांगतो.

अपक्षाला पाच सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारे, लागतात आणि ते त्याच प्रभागाचे मतदार हवेत. प्रभाग नवे, त्यामुळे सूचकालाच आपला प्रभाग ठाऊक नसतो. सही घेण्याआधी अंतिम यादीत त्याचा अनुक्रमांक बघा. "मी त्याच आळीत राहतो" यावर विश्वास ठेवू नका.

थकबाकी नसल्याचा दाखला. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी नगरपंचायतीच्या वहीत पूर्ण चढलेली नव्हती. जुन्या पावत्या घेऊन गेलेल्यांना दाखला मिळाला. ज्यांनी पावत्या जपल्या नव्हत्या त्यांनी ती रक्कम पुन्हा भरली, वाद नंतर घालू म्हणून. एका उमेदवाराच्या वडिलांच्या नावावर तीन वर्षांची पाणीपट्टी निघाली, घर एकत्र कुटुंबाचं. तीही भरली.

आडनावं. राखीव जागेवरच्या महिलांचा जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि मतदार यादीत सासरचं नाव. दोन्ही एकच व्यक्ती आहे याचा पुरावा लागतो. विवाह नोंदणी असेल तर काम सोपं. नसेल तर राजपत्र आणि प्रतिज्ञापत्रांच्या मागे पळा. ते आठवड्यात होत नाही, आरक्षण पडलं त्याच दिवशी सुरू करायला हवं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याची हमी जोडावी लागते.

शपथपत्रातला एकही रकाना मोकळा ठेवू नका. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. अपत्यांच्या रकान्यात थट्टा नको. १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य म्हणजे अपात्रता, आणि गावात कुणाला किती मुलं हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्या एका इच्छुकाचं नाव याच कारणाने आम्ही स्वतःच मागे घेतलं. तो अजून बोलत नाही.

खर्चासाठी वेगळं बँक खातं लागतं. बँकेत त्याच आठवड्यात सगळ्या पक्षांची रांग होती.

१८ नोव्हेंबर. छाननी

आमच्या एका अर्जावर आडनावावरून हरकत आली. विवाह नोंदणीचा कागद होता, हरकत फेटाळली गेली. दुसरा अर्ज बाद झाला: पाच सूचकांपैकी एकाचं नाव शेजारच्या प्रभागात. बाजारपेठेचा रस्ता! तो सूचक जन्मापासून त्या आळीत राहतो. यादीने त्याला पलीकडे टाकलं होतं आणि रोजगार बुडेल म्हणून ऑक्टोबरमध्ये जे अर्ज द्यायला आले नाहीत, त्यांतलाच तो. त्या प्रभागात आमचा उमेदवार उरला नाही.

२६ नोव्हेंबर. चिन्हं

अपक्ष आघाडीला एकच चिन्ह मिळत नाही. प्रत्येक अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून वेगळं. नगरपंचायतीत मतदाराला दोन मतं: एक नगराध्यक्षाला, एक प्रभागाच्या सदस्याला. म्हणजे आमच्या मतदाराला दोन चिन्हं लक्षात ठेवायची आणि प्रभाग बदलला की दुसरं चिन्हही बदलतं. अध्यक्षपदाच्या ताईंची शिट्टी, तर सदस्याचं कुठे कपबशी, कुठे छत्री. एका प्रभागात तर उलटा पेच पडला: आमच्या सदस्याला न मिळालेली शिट्टी तिथल्या विरोधी अपक्षाला मिळाली. तिथे "शिट्टीला मत द्या" म्हणून ओरडलं की निम्मा फायदा त्याचा. तिथला प्रचार चिन्ह सोडून नावावर करावा लागला.

प्रत्येक प्रभागाची वेगळी नमुना मतपत्रिका छापावी लागली. एकगठ्ठा छापाईचा स्वस्त दर मिळाला नाही. फलकांवरचा खर्च आम्ही याच कारणाने कापला आणि ते बरंच झालं. नमुना मतपत्रिका हातात घेऊन म्हातारी माणसं बोटाने बटण दाबून बघत होती.

दारोदार फिरताना लोकांचे प्रश्न उमेदवारांबद्दल नव्हते. नगरपंचायत झाल्याने घरपट्टी किती वाढणार, रोजगार हमीची कामं बंद का झाली, आता जिल्हा परिषदेला आपलं मत आहे का. (नाही. नगरपंचायतीची हद्द जिल्हा परिषदेच्या गटाबाहेर जाते.) "हे आम्हाला कुणी विचारलं होतं का?" असं एका आजीने विचारलं आणि आमच्या उमेदवाराकडे उत्तर नव्हतं.

३० नोव्हेंबर

अर्जांवरच्या अपिलांचे निकाल उशिरा लागलेल्या काही ठिकाणची मतदानं आयोगाने २० डिसेंबरवर ढकलली. आमचं गाव त्यात नाही, पण फोन दिवसभर वाजत होता. गावातल्या ग्रुपवर फिरणारा कागद खरा की खोटा हे बघायला निवडणूक कार्यालयाच्या दारावरची नोटीस हाच एक खात्रीचा मार्ग.

२ डिसेंबर. मतदान

साडेसातला सुरू, साडेपाचला बंद. आमचे प्रतिनिधी त्याआधी अभिरूप मतदानाला, म्हणजे मशीनच्या चाचणीला, हजर होते. एका केंद्रावर प्रतिनिधी उशिरा पोचला, तिथल्या मशीनचे क्रमांक दुसऱ्या उमेदवाराच्या माणसाकडून लिहून घ्यावे लागले.

या निवडणुकीत मशीनसोबत कागदी चिठ्ठी निघत नाही. दोन्ही पदांची बटणं दाबल्याशिवाय लांब आवाज येत नाही. एक बटण दाबून निघालेल्या मतदारांना कर्मचारी परत बोलवत होते. त्याने सकाळी रांगा तुंबल्या. दहानंतर रांगेतल्या लोकांनीच एकमेकांना समजावलं.

नाव कुठल्या केंद्रावर आहे हेच शोधत लोक फिरत होते. ग्रामपंचायतीला मराठी शाळेत मतदान करणाऱ्याला आता हायस्कूलवर जायचं. आमच्या टेबलावर भाग क्रमांकांचं तेच एक्सेल होतं. ओळखपत्राचा क्रमांक विचारून विधानसभेच्या यादीत भाग आणि अनुक्रमांक बघायचा आणि त्यावरून प्रभाग सांगायचा. विरोधी टेबलावरचे लोकही मतदार आमच्याकडे पाठवायला लागले. आम्ही सगळ्यांना सांगितलं, चिन्ह न विचारता.

दुपारी बातमी आली: उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश, सगळे निकाल एकत्र २१ डिसेंबरला. उद्याची मोजणी गेली. उद्याच्या जेवणाची ऑर्डर फोनवरून रद्द केली, आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत.

३ ते २० डिसेंबर. स्ट्राँग रूम

यंत्रं सीलबंद खोलीत, बाहेर पोलीस, कॅमेरे. उमेदवारांचे प्रतिनिधीही बाहेर बसू शकतात. थंडीत रात्रपाळीला माणसं मिळेनात. पहिल्या आठवड्यात उत्साह होता, नंतर पाळ्या बुडायला लागल्या. सगळ्या गटांनी मिळून एकच वही ठेवली आणि आळीपाळीने माणूस बसवला. एकमेकांवर विश्वास होता म्हणून नव्हे, कुणाकडेच रोज माणूस नव्हता म्हणून. शेकोटीला लाकडं विरोधी गटाने आणली, चहा आमचा. दोन्ही खर्चात दाखवायचे का यावर वाद झाला. आम्ही चहा दाखवला.

या दिवसांत करण्यासारखं काम एकच: केंद्रावरून मिळालेल्या मतांच्या हिशेबाच्या प्रती, मशीनचे आणि सीलचे क्रमांक एका तक्त्यात उतरवणं. दोन केंद्रांच्या प्रती प्रतिनिधींनी खिशात ठेवून कपडे धुवायला टाकले होते.

२१ डिसेंबर. मोजणी

दहाला सुरू. सीलचे क्रमांक तक्त्याशी जुळले. नगरपंचायतीची मोजणी आटोपशीर असते, सदस्यांचे निकाल पटापट लागले. अध्यक्षपदाची बेरीज मात्र शेवटच्या प्रभागापर्यंत चालते.

पाच सदस्य आमचे आले. अध्यक्षपद गेलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीने, जिच्यासाठी आम्ही जिल्ह्याला जाऊन हरकत लढवली, दुसऱ्याला मतं दिली आणि तिथला आमचा उमेदवार तिसरा आला. वाडीच्या सुटलेल्या नावांचंही साधारण तेच. शिट्टीच्या पेचातल्या प्रभागात आमची सीट निघाली. प्लॉटिंगच्या प्रभागात मतदान भरपूर झालं आणि तिथे आम्ही दुसरे. अर्ज बाद झालेल्या प्रभागात आमच्या नाराजांनी नोटा दाबला असं सांगतात, आकडा तितका मोठा दिसला नाही.

जानेवारी

निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनीही. हरलेले फोन उचलत नाहीत. न दिल्यास पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरवता येतं, हे प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा पावत्या निघाल्या. चहा, नाश्ता, खुर्च्या, स्पीकर यांचे दर कार्यालयाने ठरवून दिलेले असतात. आपण कमी भावात आणलं तरी तपासणारे त्या दराशी ताडून बघतात. म्हणून पक्की पावती जोडा. मर्यादेच्या जवळपासही आमचा कुणी गेला नव्हता. सगळ्यात जास्त पैसे नमुना मतपत्रिका, झेरॉक्स आणि प्रतिनिधींच्या जेवणावर गेले.

पाच जणांचा गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवला. उपनगराध्यक्ष आणि स्वीकृत (म्हणजे थेट मतदानाने न येता नेमलेल्या) सदस्यांच्या निवडीत गटाचं संख्याबळ धरतात, सुटे अपक्ष राहिले तर हाती काही लागत नाही. नोंदणीच्या कागदावर गटनेत्याचं नाव लिहिताना दोन तास गेले.

एक्सेलची फाइल नगरपंचायतीच्या कार्यालयाला देऊ केली, पुढच्या वेळी यादी फोडताना कामी येईल म्हणून. लेखी अर्ज करा म्हणाले. केला. पोच घेतली आहे.